समुद्रावरचा शिकारी : अल्बट्रॉस

घार आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कोंबडीचे पिलू दिसले की ती झडप घालते. आज आपण एका वेगळ्या शिकारी पक्ष्याची ओळख करून घेऊ. त्याचे नाव अल्बट्रॉस.

हा पक्षी आपल्या गावात दिसायचा नाही. पार दक्षिणेला अंटार्क्टिका नावाचा बर्फाचा खंड आहे. त्याच्याभोवती मोठा महासागर आहे. तिथे वारा सदा घोंघावतो. तोच याचा मुलूख. यातल्या सर्वांत मोठ्या जातीचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ फूट भरतात. दोन माणसे एका ओळीत निजवली, तर होईल तेवढी लांबी!

एवढे पंख हलवायचे म्हणजे दमछाकच. पण हा पक्षी ते फारसे हलवत नाही. पंख ताठ पसरून वाऱ्यावर वर चढतो, खाली घसरतो, पुन्हा चढतो. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात क्रोझे बेटे आहेत. तिथल्या पक्ष्यांच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी छोटी यंत्रे बांधली. तेव्हा कळले, की हे पक्षी अन्नासाठी एका फेरीत ३,६०० ते १५,००० किलोमीटर फिरतात.

मग भक्ष्य सापडते कसे? डोळ्यांनी आणि नाकानेसुद्धा! वाऱ्याबरोबर वास आला, की हा वळणे घेत वाऱ्याच्या उलट दिशेने सरकतो. मग पाण्यावर उतरतो आणि बाकदार चोचीने मासा किंवा माकूल पकडतो. तो खोल बुडी मारत नाही. रात्री कधी कधी पाण्यावर नुसता बसून राहतो. भक्ष्य जवळ आले, की पकडले!

पण वर तरंगते ते उचलायचे, ही सवयच त्याच्या जिवावर उठली आहे. मोठ्या बोटी मैलोगणती लांब दोर सोडतात. त्याला हजारो गळ असतात. पक्षी आमिष गिळतो, गळात अडकतो आणि दोराबरोबर बुडून मरतो. या मोठ्या जातीची मादी दोन वर्षांत एकच अंडे घालते. पिलाला आई आणि बाप दोघेही भरवतात. एक गेला, तर पिलू बहुधा उपाशी मरते.

उपाय साधे आहेत. दोराला वजन बांधले, की आमिष लवकर बुडते. बोटीमागे रंगीत पट्ट्या फडफडत ठेवल्या, की पक्षी जवळ येत नाहीत. आपण शेतात बुजगावणे लावतो, तसेच हे. दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ असे नियम कडक पाळले गेले. तिथे बोटींच्या गळाला पक्षी मरणे जवळजवळ थांबले. दूरच्या समुद्रावर मात्र ते अजून मरतात. तिथल्या बोटींनीही हे केले पाहिजे. मासेही मिळतील आणि पक्षीही जगतील.