खोलीबाहेर बसणं पुरेसं नाही

विद्यापीठाच्या आस्थापना विभागात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. निवड समित्यांच्या फाइली, परीक्षकांची पॅनेलं, चौकशी समित्यांची इतिवृत्तं हेच रोजचं काम. निवृत्त झाले तरी जुने सहकारी अजून फोन करतात. "मॅडम, अमुक सर समितीवर चालतील का? उमेदवार त्यांचा विद्यार्थी आहे." हा फोन हमखास बैठकीच्या आदल्या संध्याकाळी येतो. तोवर पत्रं गेलेली असतात, उमेदवार गावाहून निघालेले असतात आणि "आता काय करणार, होऊन जाऊ द्या" असं म्हणायची वेळ आलेली असते. एका प्रकरणात हे 'होऊन जाऊ द्या' एका चांगल्या शिक्षिकेला किती महाग पडलं, ते मी जवळून पाहिलं आहे.

सहायक प्राध्यापकाची एकच जागा होती. विषय असा की राज्यात त्याचे जाणकार मोजकेच. अर्जांची छाननी करताना एका उमेदवाराचा प्रकाशनांचा तक्ता माझ्यासमोर आला. शोधनिबंधाचं शीर्षक, नियतकालिक, आयएसएसएन, सहलेखक, दावा केलेले गुण, पडताळणीनंतरचे गुण असे त्याचे रकाने. सहलेखकांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि तेच नाव विषयतज्ज्ञांच्या यादीतही होतं. पीएच.डी.चे मार्गदर्शकही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे दोन लेखकांचा निबंध असेल तर दोघांनाही त्याच्या गुणांपैकी 70 टक्के मिळतात. म्हणजे उमेदवाराचे छाननीतले गुण ज्या निबंधांवर उभे होते, ते परीक्षकाचे स्वतःचेही निबंध होते.

मी तशी टिपणी लिहून फाइल वर पाठवली. ती शेरा घेऊन परत आली: तज्ज्ञांची उपलब्धता मर्यादित असल्याने पुढील कार्यवाही करावी.

ते तज्ज्ञ भले गृहस्थ होते, हे मुद्दाम सांगते. आपल्या विद्यार्थिनीचं नाव पुकारलं गेल्यावर ते स्वतःहून उठले, व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले आणि तिची मुलाखत संपल्यावर आत आले. बाकीच्या सगळ्या उमेदवारांना त्यांनी प्रश्न विचारले, गुण दिले आणि शेवटी गुणवत्ता यादीवर सही केली. आपण रीतीला धरून वागलो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि समितीतल्या इतरांचीही तीच होती.

दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने याचिका दाखल केली आणि निवड रद्द झाली. निवड झालेल्या त्या विद्यार्थिनीने एका अनुदानित महाविद्यालयातली कायम नोकरी सोडली होती. मधल्या काळात ती जागा भरली गेल्याने परतीचा रस्ताही उरला नाही. सदस्यांच्या गुणपत्रिका माझ्या ताब्यात होत्या. त्या तज्ज्ञांचे गुण पूर्ण वगळले तरी पहिली तीच येत होती. पण याचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही.

का झाला नाही, हे विद्यापीठात काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. सर्वोच्च न्यायालयाचा 1969 चा क्रैपक खटला याचा पाया आहे. जम्मू-काश्मीरमधल्या अधिकाऱ्यांची भारतीय वनसेवेसाठी निवड व्हायची होती. निवड मंडळावर पदसिद्ध सदस्य म्हणून राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक बसले होते आणि ते स्वतःच उमेदवार होते. स्वतःच्या नावाची चर्चा झाली तेव्हा त्यांनी भाग घेतला नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या नावांची चर्चा झाली तेव्हा घेतला. न्यायालयाने निवडी रद्द केल्या. पक्षपात झालाच, हे सिद्ध करण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही. तो होण्याची वाजवी शक्यता आहे, एवढं पुरे झालं.

पुढे 1985 मध्ये हरियाणाच्या अशोककुमार यादव खटल्यात तर अगदी आमच्याच प्रकरणाला लागू पडेल असं उत्तर मिळालं. लोकसेवा आयोग ही घटनात्मक संस्था, तिच्या सदस्याच्या जागी दुसरा माणूस आणता येत नाही. म्हणून तिथे नातेवाइकाच्या मुलाखतीपुरतं बाजूला होणं चालतं. मात्र एखाद्या निवडीसाठी नेमलेल्या साध्या समितीवर जवळच्या नात्यातला सदस्य असेल, तर त्याने संपूर्ण प्रक्रियेतूनच बाहेर पडायचं आणि आपल्या जागी दुसरा नेमायला सांगायचं. व्हरांड्यातला बाक हा मार्गच नाही. मुलाखत म्हणजे तुलना. इतरांना दोन गुण कमी दिले की आपल्या माणसाला दोन जास्त दिल्यासारखंच होतं. हे गणित बाहेरच्या माणसाला लगेच दिसतं. समितीतल्या माणसाला, त्याच्या चांगुलपणामुळेच, दिसत नाही.

नेहमीचा आक्षेप मला पाठ आहे: "मॅडम, विषय एवढासा. सगळेच सगळ्यांना ओळखतात. अनोळखी तज्ज्ञ आणायचा कुठून?" ओळख असणं हा दोष नाही. परिसंवादात भेटणं, एकमेकांचं लेखन वाचणं, चहा घेणं याला कुणी हितसंबंध म्हणत नाही. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं, पीएच.डी.चा मार्गदर्शक, अलीकडचा सहलेखक, एकत्र चालू असलेला संशोधन प्रकल्प, पैशाचा व्यवहार आणि आपसात चालू असलेला कोर्टातला वाद, इथे मात्र थांबायचं. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. वैरही हितसंबंधच आहे. आणि राज्यात तज्ज्ञ नसेल तर शेजारच्या राज्यात असतो. त्याच्या प्रवासभत्त्याचा खर्च याचिकेच्या खर्चापुढे काहीच नाही.

परीक्षा विभागात ही शिस्त आपण केव्हाच स्वीकारली आहे. जवळचं कुणी त्या परीक्षेला बसलेलं नाही, असं हमीपत्र तिथे कुरकुर न करता लिहून दिलं जातं. मुलगी बारावीनंतर आपल्याच विद्यापीठाच्या महाविद्यालयात शिकते म्हणून तेवढी वर्षं गोपनीय कामातून बाजूला राहिलेले अधिकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडे कुणी संशयाने पाहिलं नाही. तीच माणसं निवड समितीवर बसली की असंच हमीपत्र त्यांना अपमान का वाटावं, हे मला आजही उमगत नाही.

पीएच.डी.च्या बाबतीत परिस्थिती अधिक नाजूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांप्रमाणे प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि ते त्या संस्थेच्या नोकरीत नसावेत एवढं पाहिलं जातं. पण नावं बहुधा मार्गदर्शकच सुचवतो. दोन प्राध्यापक वर्षानुवर्षं एकमेकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासत राहिले, तरी नियमाचं अक्षर मोडत नाही. अशा साखळ्या मी पॅनेलच्या फाइलींत बघितल्या आहेत. मार्गदर्शकांनी स्वतःच हे टाळावं, कारण अशा पदवीकडे पुढे निवड समितीत बोट दाखवलं जातं तेव्हा सोसावं विद्यार्थ्याला लागतं.

अभ्यास मंडळावर असाल तर ओरिसाचा 1984 चा जे. महापात्रा खटला लक्षात ठेवा. ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीवर अशी माणसं होती, ज्यांची स्वतःची पुस्तकं निवडीला आली होती. आपल्या पुस्तकाच्या वेळी आपण गप्प बसलो, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. लेखक-सदस्य एकमेकांची पुस्तकं उचलून धरू शकतात, हे त्याने नेमकं ओळखलं. तुमचं क्रमिक पुस्तक बाजारात असेल आणि त्याच पेपरचा अभ्यासक्रम मंडळापुढे असेल, तर अध्यक्षांना आधी पत्र द्या.

खरेदीबद्दल थोडक्यात. मेव्हण्याचं दुकान, मुलाची ट्रॅव्हल एजन्सी, बायकोच्या नावावरची छपाईची ऑर्डर. दर सर्वांत कमी असला तरी दरपत्रकं उघडण्याआधी लेखी कळवा आणि त्या फाइलीवर सही करू नका. शिक्षकांनी खासगी शिकवण्यांचाही विचार करावा: कामाला बाधा येईल अशी दुसरी नोकरी, शिकवणी किंवा कोचिंग टाळावं, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या आचारसंहितेतच म्हटलं आहे. बाहेरच्या सल्लागार कामाची परवानगी काम घेण्याआधी मागायची असते. मानधन खात्यात जमा झाल्यावर नाही.

एक गैरसमज तरुण सहकाऱ्यांत फार आहे. "आपण काही सरकारी नोकर नाही, विद्यापीठाचे आहोत." भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 च्या कलम 2 मधली लोकसेवकाची व्याख्या एकदा वाचाच. कुलगुरू, प्राध्यापक, विद्यापीठाचा कोणताही कर्मचारी, आणि परीक्षेच्या कामासाठी विद्यापीठाने बोलावलेला बाहेरचा माणूससुद्धा त्यात येतो. आपण लोकसेवक आहोत, पंधरा दिवस पेपर तपासायला आलो असलो तरी.

आता पत्राविषयी. हे पत्र लिहिताना लोक एकतर फार कमी लिहितात, नाहीतर कैफियत मांडत बसतात. "वैयक्तिक कारणास्तव उपस्थित राहू शकत नाही" असं लिहिलंत तर पुढच्या वेळी तुमचं नाव पुन्हा त्याच ठिकाणी येईल आणि तुम्ही काय कळवलं होतं याची कुठे नोंदही सापडणार नाही. चार ओळी पुरतात: कोणती समिती, कोणती तारीख, कोणाशी काय संबंध आणि म्हणून मला या प्रक्रियेतून पूर्णपणे वगळावं ही विनंती. पत्र आवक-जावक विभागात द्या, पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या, प्रत घरच्या फाइलीत ठेवा. तोंडी सांगितलेलं दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. ज्यांना सांगितलं ते साहेब तोवर बदलून गेलेले असतात. वरिष्ठांनी तरीही बसायला सांगितलं, तर तो आदेश लेखी मागा. नम्रपणे मागा, पण मागा. मी ज्यांना हा सल्ला दिला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना लेखी आदेश कधीच मिळाला नाही. त्यांच्या जागी दुसरा सदस्य आला.

कुलसचिव कार्यालयातल्या माझ्या सहकाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. तज्ज्ञाला समोर कोण येणार हेच ठाऊक नसेल, तर तो संबंध जाहीर कसा करणार? उमेदवारांची यादी आधी दिली की शिफारशींचे फोन सुरू होतात, ही भीती खरी आहे. त्यावर आम्ही एक पद्धत बसवली होती. फक्त नावांची यादी आणि अर्ध्या पानाचं घोषणापत्र बंद लखोट्यात पाठवायचं, सही होऊन परत आल्याशिवाय प्रवासाची व्यवस्था करायची नाही आणि राखीव तज्ज्ञांची मान्यता आधीच घेऊन ठेवायची. सही केलेलं घोषणापत्र इतिवृत्ताला जोडायचं. याने काम दोन-तीन दिवसांनी लांबतं, एवढंच.

तुमच्या विभागात घोषणापत्राचा नमुना नसेल, तर पुढची निवड समिती लागण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात मसुदा करा, टिपणीसह कुलसचिवांपुढे ठेवा आणि मंजुरी घ्या.