कल्याणच्या लोहाराला आधी जागा दे

वागळे इस्टेट, ठाणे
रविवार, रात्री

चि. ओंकार यास,


भाऊबीजेला तू लॅपटॉप उघडून झीरो ए.डी. या खेळात घातलेले तुझे सातवाहन दाखवलेस आणि "मामा, कसं झालंय?" असं विचारलंस. पाहुण्यांच्या गडबडीत मी "छान आहे" म्हणून उठलो. चार महिने रात्री जागून केलेल्या कामाला एवढंच उत्तर देणं बरं नव्हे. नंतर शेजारच्या मुलाकडून झीरो ए.डी. माझ्या कॉम्प्युटरवर घालून घेतला, तुझा पेन ड्राइव्ह लावला आणि आठवडाभर जेवणं झाल्यावर तेच बघत बसलो. बरंच सांगायचंय, फोनवर ते मावणार नाही.

आधी एक गोष्ट. ताई म्हणते तसा तुझा वेळ फुकट गेला, असं मला मुळीच वाटत नाही. तिच्याशी मी बोलेन. तो खेळसुद्धा २००१च्या सुमारास 'एज ऑफ एम्पायर्स २'चा मॉड म्हणूनच सुरू झाला होता. दुसऱ्याच्या खेळात बदल करता करता हौशी मंडळींनी स्वतःचं इंजिन उभं केलं आणि २००९ मध्ये सगळा कोड जगाला खुला करून टाकला. त्यात मौर्य आहेत, चंद्रगुप्त आणि अशोक आहेत. पण त्यांच्यानंतर आपल्या दख्खनवर ज्यांनी राज्य केलं ते सातवाहन नाहीत, हे डोंबिवलीतल्या एका मुलाला खटकलं. मला याचा अभिमान वाटतो.

तुझ्या फाइली उघडल्या आणि मी मनानं माझ्या जुन्या टूलरूममध्ये परत गेलो. भालाईताचा मूळ साचा एका जागी असतो, तुझ्या भालाईताच्या फाइलीत फक्त फरक लिहायचा, बाकी सगळं मूळ साच्यातून येतं. आम्हीही असंच करायचो. जुन्या डायचं ड्रॉइंग तसंच ठेवायचं आणि नव्या जॉबसाठी बदललेलं माप तेवढं लाल पेन्सिलीनं लिहायचं. पण त्या प्रत्येक लाल मापाशेजारी ते का बदललं हे लिहून खाली सही करावी लागे. तुझ्याकडे लाल मापं पुष्कळ आहेत. कारण एकाचंही लिहिलेलं नाही.

हत्तीची ताकद दीडपट, घोडेस्वाराचा वेग सव्वापट, तटबंदी दुप्पट भक्कम. मी का म्हणून विचारलं, तर तू म्हणालास, "सातवाहन भारी होते ना, मामा." होतेच. पण 'भारी' हे माप नाही.

मी नवा नवा फोरमन झालो तेव्हा एका प्रेस टूलचा क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, अंदाजानं दिला होता. पत्र्याची जाडी विचारायला स्टोअरपर्यंत जायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी वॉशर बाहेर पडले ते सगळे कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, घेऊन, आणि अख्खा लॉट भंगारात गेला. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी त्यातला एक वॉशर उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. तो वॉशर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढच्या वेळी आलास की त्याच्या कडेवरून बोट फिरवून बघ.

मग सातवाहनांची मापं घ्यायची कुठून? लोक राजापासून आणि हत्तीपासून सुरुवात करतात. तू कामगारापासून कर. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे, सातवाहन राजा सिरी सातकर्णीच्या कारागिरांचा आवेसनि आनंद, वासिठीचा मुलगा, याच्या दानाचा. आवेसन म्हणजे कारखाना आणि आवेसनि म्हणजे त्याचा प्रमुख. आमच्या भाषेत फोरमन. राजाच्या नावासोबत दगडावर स्वतःचं नाव आणि हुद्दा टिकवून गेलेला फोरमन! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा काढून बराच वेळ नुसता बसून होतो. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांचंही नाव आहे.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे, त्याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तिथे कल्याणच्या सामिदत सोनारानं पाण्याचं टाकं दिल्याचा लेख आहे. आणि कल्याणच्याच नंद नावाच्या लोहारानं, लेखातल्या शब्दात 'कामारा'नं, वाट दिल्याचा लेख आहे. तू रोज ज्या कल्याणला गाडी बदलतोस तिथला हा लोहार. तुझ्या राज्यात सैनिकांचे नऊ प्रकार आहेत आणि लोहारशाळा मौर्यांकडून जशीच्या तशी उचललेली आहे. ती आधी नव्यानं बांध. तिला नाव दे, आणि तिथल्या सुधारणा स्वस्त कर. या एका सवलतीमागे दगडाचा पुरावा आहे, ती कुणी खोडू शकणार नाही.

नावांचंच निघालं म्हणून सांगतो. तू सगळीकडे जडजंबाल संस्कृत नावं घातली आहेस. या राजांचे लेख प्राकृतात आहेत. अमच, गहपति, हालकिय, वढकि, सेठि, महारठि हे सगळे शब्द त्या काळच्या लेण्यांमध्ये सापडतात. हालकिय म्हणजे नांगरधारी, तुझा धान्य पिकवणारा गडी. वढकि म्हणजे सुतार, तुझा घरं बांधणारा. ही नावं आपल्या कानाला परकी वाटत नाहीत, कारण त्यातूनच पुढे आपली भाषा आली.

आता पैशाकडे येऊ. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्यानं विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण नाणी ठेवली. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजानं, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. मोठ्या रकमेच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. कागद घे आणि हिशोब कर. दोन हजारांवर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. चोख जुळतो! जुन्नरच्या लेण्यांतही बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे अशाच ठेवी ठेवल्याचे लेख आहेत.

ही तुझ्या सातवाहनांची खरी ताकद. 'श्रेणी' नावाची इमारत कर. खेळाडूनं तिच्यात धातू गुंतवला की तो कायमचा अडकेल, पण नंतर थेंबथेंब उत्पन्न येत राहील. थेंबथेंब साधनं देण्याची सोय त्या इंजिनात आहेच. सुरुवातीला हात आखडेल, शेवटाला फळ मिळेल. हत्ती दीडपट करण्यापेक्षा हा डाव कितीतरी जास्त आपला आहे.

पण उषवदात कोण, हे विसरू नकोस. तो नहपान क्षत्रपाचा जावई, म्हणजे सातवाहनांच्या शत्रूच्या घरचा. नाशिक त्या वेळी सातवाहनांच्या हातातून गेलेलं होतं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, सगळी नहपानाची. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. डाय मारणाऱ्या माणसाला हे चित्र डोळ्यासमोर दिसतं. शत्रूचं नाणं वितळवायचं नाही, आपल्या ठशाखाली ठेवायचं आणि घाव घालायचा. खालून नहपानाच्या चेहऱ्याची एखादी रेघ डोकावत राहते. शत्रूची बाजारपेठ जिंकली की तिची ठेव आपल्याला मिळावी, असा नियम तू यावरून करू शकशील.

आणि हरण्याची जागासुद्धा ठेव. पेरिप्लस या ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहिलंय की कल्याण एके काळी नियमित व्यापाराचं बंदर होतं. पण सत्ता बदलली तसा तिथला व्यापार अडवला गेला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. तुझ्या खेळात बंदर आणि घाट यांतून भरपूर उत्पन्न येऊ दे. पण बंदर गेलं की कंबर मोडली पाहिजे. जो पक्ष हरूच शकत नाही त्याच्याशी दुसऱ्यांदा कुणी खेळायला बसत नाही.

दोन गोष्टी मात्र काढूनच टाक. पहिली, ते देऊळ. अंबरनाथच्या शिवमंदिरावरून केलंस ते मी लगेच ओळखलं, काम सुरेख आहे. पण अंबरनाथ १०६०चं, सातवाहनांच्या कितीतरी शतकांनंतरचं. त्याऐवजी कार्ल्याचा चैत्य घे. तिथे छताला लाकडी कमानी अजून आहेत, आणि बाकी दगडातही सुताराचीच पद्धत कोरलेली आहे. त्यावरून त्या काळची लाकडी घरं कशी असतील याचा अंदाज बांधता येतो. दुसरी, सैनिकांचे ते मुकुट. ते तू दुसऱ्या विकत मिळणाऱ्या गेममधून काढून घेतलेस, हे तूच सांगितलंस. ते कुणाचं तरी काम आहे. झीरो ए.डी.ची चित्रं वापरायला खुली आहेत, कर्त्याचं नाव दिलं आणि तीच मोकळीक पुढच्याला ठेवली की झालं. ती घे.

राहिला सातवाहन राणी नागनिकेचा चेहरा. तू टीव्हीवरच्या राणीसारखा केलास. नाणेघाटाच्या गुहेत तिच्या लेखाजवळ मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. वर नावं आहेत, सिमुक, सातकर्णी, नायनिका (म्हणजे आपली नागनिकाच), राजकुमार. खाली उरलेत फक्त पायांचे अवशेष. मी ते पाय पाहिलेत. तिचं चित्र करूच नकोस. निवडीच्या चौकटीत कोरलेलं नाव आणि दोन पावलं ठेव. चेहरे हवेतच तर पुळुमावी आणि यज्ञश्री या सातवाहन राजांच्या चांदीच्या नाण्यांवर आहेत, आणि यज्ञश्रीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाजही आहे. तुझ्या जहाजाचं ड्रॉइंग तिथून घे.

नाणेघाटाला आपण जानेवारीत जाऊ, कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला उतरून पायवाटेनं चढू. त्याआधी येत्या शनिवारी कान्हेरी. सोमवारी तिथलं नॅशनल पार्क बंद असतं आणि रविवारी गर्दी फार, म्हणून शनिवार धरलाय. सकाळी सातला माझ्याकडे ये, मामी डबा करून देणार आहे. एक जाड वही आण आणि तुझ्या सगळ्या लाल मापांची यादी एका बाजूला लिहून आण. दुसरी बाजू कोरी ठेव.

तुझा
मामा