आई एक, दूध दोन

प्रश्न : माझ्या लेकीनं शाळेच्या प्रकल्पासाठी वाचलं, की कांगारूची मादी एकाच वेळी दोन पिलांना दोन वेगळ्या प्रकारचं दूध पाजते. अंगातलं रक्त एकच, मग दूध दोन तऱ्हेचं कसं? इथं मिळणाऱ्या उंटिणीच्या दुधातही असं काही असतं का?
— एक वाचक, वादी कबीर, मस्कत

उत्तर : लेकीनं वाचलं ते खरं आहे. याचा सर्वांत बारीक अभ्यास झाला तो कांगारूच्याच भावकीतल्या टॅमर वॉलबीवर. तिचं पिलू महिन्याभराच्या आत जन्मतं, वजन जेमतेम 0.4 ग्रॅम. इतर प्राण्यांत वारेतून होणारं पोषण इथं बरंचसं दुधानंच करायचं असतं. त्यामुळे दूधही पिलाबरोबर बदलत जातं. सुरुवातीला ते पातळ, स्निग्धांश कमी. साखर मात्र लॅक्टोजला गॅलॅक्टोजचे रेणू जोडून झालेल्या साखळ्यांची. आठ-नऊ महिन्यांपर्यंत या साखळ्या जवळपास नाहीशा होतात आणि स्निग्धांश 20 टक्क्यांच्या पुढे जातो.

प्रथिनांचीही अशीच पाळी लागते. पहिले सुमारे 100 दिवस ‘अर्ली लॅक्टेशन प्रोटीन’चं जनुक चालू, मग बंद. मधल्या काळात ‘व्हे ॲसिडिक प्रोटीन’, म्हणजे वॅप. शेवटी ‘लेट लॅक्टेशन प्रोटीन’.

आता दोन पिलांचं. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तातून सगळ्या स्तनग्रंथींना सारखंच पोहोचतं, पण प्रत्येक ग्रंथी आपापल्या टप्प्यावर असते. नवजात पिलू एक सड तोंडात धरतं, तिथं पातळ दूध. पिशवीबाहेर पडलेलं थोरलं आपल्या जुन्या लांबट सडाकडे येतं, तिथं घट्ट. पान्हा फुटण्याचीही सोय वेगळी : मेसोटोसिन या संप्रेरकाची किंचित मात्रा धाकट्याच्या ग्रंथीला पुरते, थोरल्याच्या ग्रंथीला तेवढ्यानं जाग येत नाही.

मग टप्पा ठरवतं कोण, पिलू की आई? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लहान पिलं पुढच्या टप्प्यातल्या माद्यांकडे दिली. दूध मागं फिरलं नाही; पिलंच भराभर वाढली. म्हणजे वेळापत्रक आईकडे. मला या सगळ्यात हा प्रयोग सर्वांत सुंदर वाटतो.

उंटिणीची गोष्ट निराळी. तिचा गर्भ सुमारे 13 महिने पोटात वाढतो, वासरू काही तासांत उभं राहतं. चिकाचे दिवस सरले, की दुधात एवढ्या मोठ्या उलथापालथी होत नाहीत. गंमत म्हणजे वॅप हे प्रथिन उंटिणीच्या दुधात आहे. गाईच्या किंवा माणसाच्या दुधात ते नसतं. उलट गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उंटिणीत सापडत नाही. शिवाय कॅपा-केसीनही कमी, म्हणून तिच्या दुधाचं दही पातळच राहतं. विरजणाला नावं ठेवू नका. घट्ट दही हवं असेल तर गाईचं नाहीतर म्हशीचं दूध आणा.