आधी गिअर ओळखा, मग गोंद निवडा

पोरांनो, वेगाचा काटा नीट हलतोय पण किलोमीटरचे आकडे थांबलेत, असं मीटर आलं की केबल बदलायला धावू नका. काट्यापर्यंत गती पोचतेय, म्हणजे दोष त्याच्या पुढे, आकड्यांच्या चाकांपाशी आहे. पुण्यात 1995 पासून तयार झालेल्या मर्सिडीज डब्ल्यू 124 मध्ये बहुधा शाफ्टवरचा बारीक गिअर सैल होतो आणि शाफ्ट त्याच्या आत नुसताच फिरतो. जुन्या बीएमडब्ल्यू ई 30 मध्ये प्लास्टिकचे दातेच झडतात. दोन्ही दुखणी वेगळी, म्हणून औषधही वेगळं.

दाता तुटला असेल तर गोंदाची बाटली उघडूच नका. दात्याचं बूड इतकं लहान असतं की सांध्याला पकडायला जागाच उरत नाही. नवा गिअर मागवा. दात्यांची संख्या मोजूनच मागवा, नाहीतर मीटर चालेल पण किलोमीटर खोटे दाखवेल.

गिअर धातूचा आणि शाफ्टही धातूचा असेल तर हिरवं रिटेनिंग कंपाउंड वापरा. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की ते घट्ट होतं. प्लास्टिकजवळ मात्र ते नेऊ नका; काही प्लास्टिकना त्याने बारीक तडे जातात.

गिअर प्लास्टिकचा असेल तर दोन नळ्यांचा, सावकाश सुकणारा एपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत सुकणारा घाईला बरा, पण मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्ड तापला की तो लवकर मऊ पडतो. नायलॉन आणि ॲसिटल ही गुळगुळीत प्लास्टिकं कुठलाच गोंद नीट धरत नाहीत. म्हणून आधी तुटक्या तुकड्यावर थेंब लावून दुसऱ्या दिवशी नखाने उचलून बघा. पापुद्रा सुटला तर गोंदावर भरवसा नको. शाफ्ट दोन कानशींमध्ये दाबून फिरवा. त्यावर बारीक चरे उठतात आणि गिअर त्या चऱ्यांवर घट्ट बसतो. खरी पकड तीच. गोंद फक्त सोबतीला.

फेविक्विकसारखा झटपट गोंद मीटरच्या आत नकोच. त्याच्या वाफेने बोटांचे अदृश्य ठसे पांढरे होऊन उमटतात, म्हणून गुन्ह्याच्या तपासात ती वापरतात. तीच वाफ बंद मीटरमध्ये काचेवर आणि आकड्यांवर पांढरी साय धरते. शिवाय तो पाण्यासारखा पातळ, शाफ्टवरून ओघळून बेअरिंगमध्ये शिरला की सगळंच जाम.

लावण्याआधी शाफ्टवरचं जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल किंवा थिनर आकड्यांचा रंग खातो. गोंद टूथपिकच्या टोकाने लावा, तोही गिअर बसतो तेवढ्याच जागी. मग 24 तास हात लावू नका. गाडी मालकाला देताना सांगा, चालत्या गाडीत ट्रिपचं बटण दाबायचं नाही. फिरत्या गिअरचे दाते त्यानेच तुटतात.

आणि मीटर खोलण्याआधी आकड्यांचा फोटो काढा. शाफ्ट ओढला की चाकं सरकतात. ती फोटोप्रमाणेच परत लावा, एक किलोमीटरही मागे नको. मीटर किती दिवस बंद होतं ते मालकाला विचारून बिलावर लिहा. उद्या ही गाडी विकत घेणारा त्या आकड्यावर विश्वास ठेवूनच पैसे मोजणार आहे.