कंबर धरली तर : मणके 'बसविण्या'चा उपचार कितपत घ्यावा?



लागणीत वाकून, मोळ्या उचलून, ट्रॅक्टरवर दिवसभर हादरे खाऊन कंबर धरली नाही असा ऊस बागायतदार विरळाच. उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. आता शहरातला कायरोप्रॅक्टर मणके कटकन वाजवून बसवितो, अशी चर्चा असते. म्हणून त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

हा उपचार १८९५ साली अमेरिकेत डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केला. मणके जागचे सरकल्याने बहुतेक रोग होतात, हे त्यांचे म्हणणे शास्त्राला मान्य झाले नाही. 'कट' आवाजही हाड बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज.

मग गुण येतो तो खोटा का? तसेही नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ साली नव्या कंबरदुखीवर गोळ्यांआधी शेक, मालीश, मणक्यांची हाताळणी असे उपाय सुचविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुन्या कंबरदुखीच्या उपायांत व्यायामाबरोबर हाताळणीही धरली. मात्र फायदा बेताचाच. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते. अंथरुण धरून पडू नये, झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे.

पण पुढीलपैकी काही असेल तर कंबरेला कोणाचा हात नको की पाय नको; आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे :

१) लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांमधला भाग बधिर होणे. यात तासांचा प्रश्न असतो. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे; उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते.
२) पायातली ताकद कमी होत जाणे, चालताना पाऊल घसटणे. यातही दिवस घालवू नये.
३) पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे.
४) सोबत ताप, वजन घटणे, रात्रीही न थांबणारी कळ. क्षयरोग मणक्यालाही होतो, हे विसरू नये.
५) पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असणे.

यातले काही नसेल आणि हाताळणी करून घ्यायचीच असेल, तर शिकलेल्या माणसाकडूनच घ्यावी. कळ वाढली तर तिथेच थांबवावी.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. स्वतःच्या कंबरेची निदान तेवढी तरी काळजी घ्यावी, ही विनंती.