अडखळणारे ध्वनिमुद्रण

प्रश्न : इंटरनेटवरील मैफल संगणकावर मुद्रित करताना आवाज अडखळतो, मधूनच खरखरतो. साउंडकार्ड बदलावे काय? — एक वाचक, सांगली

उत्तर : साउंडकार्डावर आपण इतक्या तातडीने दोषारोप करू नये. आवाज अडखळतो तो बहुधा येणारी माहिती वेळेवर न पोचून बफर (माहितीचा तात्पुरता साठा) रिकामे पडल्याने. तेव्हा वायफायऐवजी केबल जोडावी, बफर वाढवावे. खरखरीचे कारण निराळे : पातळी शून्य डेसिबलला भिडली की चढ्या तानेचे शिखरच छाटले जाते, म्हणून ती उणे 6 डेसिबलच्या खाली राखावी, आणि संगणक व मुद्रणाचे सॉफ्टवेअर या दोहोंत नमुनादर (सॅम्पल रेट) 44,100 किंवा 48,000 हर्ट्झ असा एकच ठेवावा. झालेल्या मुद्रणातील बारीक टकटक संपादनाने निघते. गळालेला स्वर मात्र परत येत नाही, सबब मूळ प्रत अबाधित ठेवून नकलेवरच दुरुस्ती करावी, आणि आयोजकांच्या दप्तरी अस्सल मुद्रण असल्यास तेच विनंतीपूर्वक मागावे.