किशोरवयीन मित्राचे व्यसन : मौन, कायदा आणि उपचार

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात व्यसनाधीनतेचा प्रश्न सामाजिक समस्या, सार्वजनिक आरोग्य आणि अंतर्गत सुरक्षा या तिन्ही अंगांनी येतो. त्याची चर्चा करताना शासन, पोलीस, पालक व शिक्षक यांच्या भूमिकांचा विचार होतो. परंतु किशोरवयीन मुलाच्या नशेची पहिली खूण पुष्कळदा यांच्यापैकी कोणालाही दिसत नाही. ती दिसते त्याच्या बाकावरच्या किंवा वसतिगृहातील खोलीतल्या मित्राला. हा मित्र चिंतेत असतो, पण गप्प राहतो. बोललो तर मैत्री तुटेल, शाळेतून काढून टाकतील, पोलीस पकडून नेतील, अशी त्याला भीती वाटते. ही भीती कितपत साधार आहे, हे कायदा व उपचारव्यवस्था समजून घेतल्याशिवाय कळत नाही.

समस्येचे स्वरूप

केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाने २०१८ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण करविले. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ अवलंबित्व उपचार केंद्राने ते पार पाडले व फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयोगटात गांजा, चरस व भांग यांचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २.८ टक्के, तर हेरॉईन, अफू व तत्सम वेदनाशामक औषधांचे प्रमाण सुमारे २.१ टक्के आढळले.

विद्यार्थ्यांनी एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. हुंगण्याच्या पदार्थांचा अपवाद वगळता प्रत्येक प्रकारात प्रौढांचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक आहे. हुंगण्याच्या पदार्थांबाबत मात्र हे चित्र उलटे आहे. १० ते १७ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आहे. या सवयीमुळे मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या सुमारे ४.६ लाख आहे. चिकटवण्याचे द्रव्य, थिनर, खोडद्रव या वस्तू रोजच्या वापरातील असल्याने साध्या दुकानांत मिळतात. त्यामुळे केवळ पुरवठा रोखून हा प्रश्न सुटणारा नाही.

किशोरवय अधिक जोखमीचे का?

मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित यंत्रणा किशोरवयात अतिशय क्रियाशील असते. परिणामांचा विचार करून स्वतःला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र वयाच्या पंचविशीच्या आसपासपर्यंत विकसित होत राहतो. या अंतरामुळे कुतूहल किंवा सोबत्यांचा आग्रह भारी ठरतो आणि सवय लवकर जडते. डोपामाईन या रसायनाची यंत्रणा पुन्हा पुन्हा उत्तेजित झाली की खेळ, अभ्यास, गप्पा यांतील साधा आनंद फिका वाटू लागतो. म्हणून व्यसनाला केवळ स्वभावदोष न मानता आजार मानले जाते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे.

शारीरिक हानी पदार्थानुसार बदलते. हुंगण्याच्या द्रव्यांनी हृदयाची लय बिघडून एखाद्या वेळच्या सेवनानेही मृत्यू ओढवू शकतो. अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेने श्वास मंदावतो. एकच सुई अनेकांनी वापरल्यास एचआयव्ही व यकृतदाहाचे विषाणू पसरतात.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार आरोग्यास अपायकारक मादक पेये व द्रव्ये यांच्या औषधी उपयोगाव्यतिरिक्त सेवनावर बंदी आणण्यासाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम २७ नुसार सेवन हा गुन्हा आहे. हेरॉईन, कोकेन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत, तर इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याच कायद्यातील कलम ६४-अ तितकेच महत्त्वाचे आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनाधीन इसम शासकीय वा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. अल्प प्रमाणाची मर्यादा हेरॉईनसाठी ५ ग्रॅम, चरससाठी १०० ग्रॅम आणि गांजासाठी १ किलोग्रॅम आहे.

अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळासमोर जाते. तेथे भर सुधारणा व पुनर्वसनावर असतो. कायद्याचा कठोर रोख मुलापर्यंत नशा पोहोचविणाऱ्यावर आहे. मुलाला मद्य, अमली पदार्थ वा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास कलम ७७ नुसार, तर मुलाकडून मद्य वा अमली पदार्थांची विक्री किंवा वाहतूक करवून घेणाऱ्यास कलम ७८ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मित्रालाही कायद्याचे एक बंधन आहे. आपल्या ताब्यातील खोली अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणे हा १९८५ च्या अधिनियमाच्या कलम २५ नुसार गुन्हा ठरतो. मात्र चिंता वाटून पालकांना, शिक्षकांना किंवा डॉक्टरांना सांगणे म्हणजे पोलिसांत तक्रार देणे नव्हे.

धोरण व उपचारव्यवस्था

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी बचपन बचाओ आंदोलन प्रकरणात राष्ट्रीय सर्वेक्षण, मुलांसाठी राष्ट्रीय योजना आणि शालेय अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश यांबाबत निर्देश दिले. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू केले. पुढे ते देशभर विस्तारले. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

तरीही दरी मोठी आहे. अवैध अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी केवळ एकाला कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाल्याचे २०१८ च्या सर्वेक्षणात दिसले. केंद्रांची कमतरता हे याचे एक कारण; पण लाज, भीती व उशीर यांमुळे असलेल्या केंद्रापर्यंतही रुग्ण पोहोचत नाही.

मित्राने काय करावे?

ही दरी सांधण्याची सुरुवात समवयस्क मित्र करू शकतो. त्याने नशेचा अंमल नसताना, एकांतात बोलावे. उपदेश किंवा दोषारोप न करता आपण काय पाहिले तेवढेच सांगावे: तासांना गैरहजेरी, उधारी, झोपेची घडी विस्कटणे, खेळ सोडून देणे. ‘तू बिघडलास’ असे म्हणण्यापेक्षा ‘मला तुझी काळजी वाटते, डॉक्टरांकडे जाताना मी सोबत येतो’ हे वाक्य अधिक काम करते. पैसे उसने देणे व घरी खोटे सांगून पांघरूण घालणे टाळावे. एका-दोन प्रयत्नांनी फरक पडला नाही, तर विश्वासातील प्रौढ व्यक्तीला सांगावे. गुप्ततेचे वचन मित्राच्या जिवापेक्षा मोठे नसते.

खोलीत कोंडून नशा सोडविण्याचा घरगुती प्रयोग धोक्याचा असतो. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी थांबविल्यास आकडी येऊ शकते. अफूजन्य पदार्थ काही काळ सोडल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर ती जीवघेणी ठरू शकते. मित्र हाक मारूनही उठत नसेल, श्वास मंद झाला असेल वा ओठ निळे पडले असतील, तर श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये, १०८ किंवा ११२ वर कळवावे आणि कोणता पदार्थ घेतला ते डॉक्टरांना खरेखरे सांगावे. अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेवर नॅलोक्सोन हा प्रभावी उतारा आहे. पण तो वेळेत मिळावा लागतो.

समारोप

अमली पदार्थविषयक धोरणाचे पुरवठा नियंत्रण, मागणी घट आणि हानी घट असे तीन स्तंभ मानले जातात. पहिला प्रामुख्याने शासनयंत्रणेच्या हाती आहे. उरलेल्या दोहोंची सुरुवात घर, वर्ग व वसतिगृह येथे होते. व्यसन उलटण्याची शक्यता असते; ते उलटले म्हणजे उपचार वाया गेले असे नव्हे. लवकर ओळख, उपचार व दीर्घकाळ सोबत यांनी अनेक मुले पूर्ववत होतात. मित्राचे वेळेवरचे बोलणे हीच या साखळीतील पहिली कडी होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कलम २७ आणि कलम ६४-अ यांत शिक्षा व उपचार यांचा समतोल कसा साधला आहे?
२. हुंगण्याच्या पदार्थांच्या बाबतीत पुरवठा नियंत्रणाच्या मर्यादा स्पष्ट करा.
३. मागणी घटविण्याच्या कार्यात समवयस्कांच्या भूमिकेचे मूल्यमापन करा.